बिरड्याचा सण, खिरीचा सण : कोकणातल्या ज्यूंचं ताट लिहून ठेवणारे हाईम केहिमकर

ज्यू लोकांचं जेवण म्हटलं की इन्स्टाग्रामवर काय दिसतं? न्यूयॉर्कमधलं एखादं जुनं डेली, राय ब्रेडच्या दोन कापांमध्ये कोंबलेली पास्ट्रामी, बेगल, नाहीतर ताप आला की आजी करून देते ते मात्झो बॉल घातलेलं चिकन सूप. कॅट्झ नावाचं डेली तर 1888 पासून चालू आहे आणि तिथे आजही रांगा लागतात.

पण ही झाली पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यूंची गोष्ट. बेगल पोलंडकडचा, पास्ट्रामीचं मूळ रोमानियात.

आता नकाशा जरा आपल्याकडे सरकवा. अलिबाग, पेण, रोहा, मुरुड या पट्ट्यात शेकडो वर्षं एक ज्यू समाज राहिला. तो मराठी बोलायचा, बायका नऊवारी नेसायच्या आणि या लोकांनी बेगल आयुष्यात पाहिलेला नव्हता. त्यांच्या सणांची नावं होती खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. हा समाज म्हणजे बेने इस्रायल. आणि ही नावं आज आपल्याला माहीत आहेत त्याचं मोठं श्रेय जातं हाईम सॅम्युएल केहिमकर या माणसाला.

केहिमकर आचारी नव्हते. पाककृतींचं पुस्तकही त्यांनी लिहिलं नाही. आपला समाज खरोखर ज्यू आहे का, या प्रश्नाचं उत्तर देण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं आणि त्या उत्तरात स्वयंपाकघर पुन्हा पुन्हा येत राहिलं.

आडनावातच गाव

केहिमकरांचा जन्म 1830 चा, अलिबागचा. अलिबागजवळचं किहीम आता वीकेंडच्या रिसॉर्टसाठी प्रसिद्ध आहे. ते किहीम, म्हणून हे केहिमकर. बेने इस्रायलांची आडनावं अशीच. दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, राजपुरीचे राजपूरकर. सिनेमातले 'बूट पॉलिश'चे जॉन चाचा आठवतात? डेव्हिड नावाने काम करणारा तो नट म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

गावात यांना ज्यू म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ओळख होती शनिवार तेली. बरेच जण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. कारण शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. शब्बाथचा अर्थ गावाला ठाऊक नसला तरी शनिवारी तेल मिळत नाही एवढं पक्कं ठाऊक होतं.

हे लोक आले कुठून? समाजाची परंपरागत कथा अशी : फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावची ती दफनभूमी आजही समाजाचं श्रद्धास्थान आहे. गलबताबरोबर सामान गेलं, धर्मग्रंथही गेले. पुढे हिब्रू भाषा विसरली गेली. उरलं ते तोंडपाठ असलेलं आणि हाताला सवय असलेलं. शेमा ही एक छोटी प्रार्थना, मुलाची सुंता, शनिवारची सुट्टी आणि काय खायचं, काय नाही याचे नियम.

माशांची परीक्षा

या नियमांवरून समाजात एक गोष्ट सांगितली जाते. केहिमकरांनीही ती नोंदवली.

डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. ही माणसं शनिवारी काम करत नाहीत, मुलांची सुंता करतात, हे त्याने पाहिलं आणि त्याला शंका आली. खात्री करायला त्याने बायकांच्या पुढ्यात मासे ठेवले, काही खवल्यांचे आणि काही बिनखवल्यांचे. हे शिजवा म्हणाला. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि आम्ही हे खात नाही असं सांगितलं. रहाबीला उत्तर मिळालं.

ही परीक्षा किती बेमालूम होती ते समजायला चिंचणी-तारापूरच्या किंवा सातपाटीच्या मासळीबाजाराची टोपली डोळ्यांसमोर आणा. ज्यू धर्माचा नियम असा की पाण्यातला जो जीव खायचा त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे ज्या पापलेटसाठी सातपाटी प्रसिद्ध आहे आणि ज्याला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला, ते पापलेट चालतं. रावस चालतो. मुशी नाही, शिंगाळा नाही. कोळंबी, खेकडे, शिवल्या, कालवं यांचं तर नावच काढायचं नाही.

कोकणात राहून कोळंबी आणि खेकडा सोडायचा! शेजारपाजारच्या प्रत्येक चुलीवर ते शिजत असताना पिढ्यानपिढ्या हा नियम पाळला गेला, आणि त्यामागचं शास्त्रवचन वाचता येईल असा एकही माणूस गावात नव्हता. नियम टिकला तो मासे निवडणाऱ्या बायकांच्या हातात.

रहाबीने नंतर झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले, अशी परंपरा आहे. लग्न, तंटे, प्रार्थना यांत पुढारपण करणाऱ्या या लोकांना काझी म्हणत. हो, काझीच. ज्यू समाज, मराठी भाषा आणि पदाचं नाव मुसलमानी, हे कोकणात कोणाला खटकलं नाही.

रहाबी नेमका कधी आला यावर मात्र एकमत नाही. केहिमकरांनी त्याला साधारण इसवी सन 1000 च्या आसपास ठेवलं. अनेक अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातला, कोचीच्या प्रसिद्ध रहाबी कुटुंबातला असावा. कोचीच्या या घराण्याचे डच ईस्ट इंडिया कंपनीशी व्यापारी संबंध होते आणि त्यांची माणसं किनाऱ्यावर फिरत, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं.

तरी केहिमकरांची कल्पना अगदीच हवेतली नव्हती. इथे चिंचणी पुन्हा येते. विसाव्या शतकात चिंचणीत राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. त्यावरून कळतं की त्या वेळी संजाण भागाचा कारभार राष्ट्रकूट राजाच्या वतीने एक अरब मुसलमान अधिकारी पाहत होता. संस्कृत ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, म्हणजे मोहम्मद. त्यात ज्यूंचा विषय नाही. पण हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेला माणूस उत्तर कोकणात नुसता उतरत नव्हता, कारभारही करत होता, एवढं त्यातून दिसतं. केहिमकरांनी लिहिलं तेव्हा हा ताम्रपट कोणाला माहीत नव्हता.

मुंबईत भेटलेले दुसरे ज्यू

अठराव्या शतकापासून बेने इस्रायल कुटुंबं गाव सोडून मुंबईला येऊ लागली. घाणा मागे पडला, फौजेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या. सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. धर्मांतराच्या आशेने उघडलेल्या शाळांमध्ये बेने इस्रायल मुलं गेली, हिब्रू शिकली आणि बहुतेक सगळी अधिक पक्की ज्यू होऊन बाहेर पडली. मिशनऱ्यांचा हिशेब इथे पार चुकला.

मात्र खरी अडचण आली ती स्वधर्मीयांकडून. 1832 मध्ये डेव्हिड ससून बगदादकडून मुंबईत आले. त्यांच्यामागून बगदादी ज्यू व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. ससून डॉक, ससून लायब्ररी, पुण्याचं ससून हॉस्पिटल ही सगळी त्याच घराण्याची नावं. सुरुवातीला दोन्ही समाजांची दफनभूमी एक होती. 1836 मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीच्या मध्ये भिंत घाला.

मेल्यावरसुद्धा शेजार नको. कारण? हे काळेसावळे, मराठी बोलणारे, होळीला पुरणपोळी करणारे लोक शुद्ध ज्यू आहेत यावर त्यांचा विश्वास नव्हता.

केहिमकर वाढले ते या काळात. धर्मग्रंथ बुडालेल्या समाजाला आपण कोण हे सिद्ध करायचं तर शिक्षण हवं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. तरुणपणीच भाऊबंदांना बरोबर घेऊन त्यांनी समाजात शिक्षणासाठी मंडळ उभं केलं. 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. मुलांना मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही भाषा शिकवायच्या असा बेत होता. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली, तरी पैशांची ओढाताण सुटली नाही. परदेशातल्या ज्यूंना आपला समाज कोण हे कळावं आणि शाळेला हातभार लागावा म्हणून केहिमकरांनी समाजाच्या इतिहासावर एक छोटी इंग्रजी पुस्तिका काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणजे हीच शाळा, पुढे नाव बदललेली.

1897 च्या सुमारास त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ लिहून झाला. बेने इस्रायलांचा इतिहास. तेव्हा त्यांचं वय 67.

पंचांगात चूल

या ग्रंथातला सगळ्यात वाचनीय भाग म्हणजे समाजाच्या जुन्या सणांची नोंद. हिब्रू नावं विसरली गेली होती, म्हणून बायाबापड्यांनी सणांना मराठी नावं दिली होती. आणि ती बहुतेक सगळी चुलीवरून.

ज्यू नववर्ष म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर चार दिवसांनी खिरीचा सण. नवीन तांदूळ, नारळ, गूळ यांची खीर करायची. हे दिवस भाद्रपद-आश्विनात येतात आणि तेव्हा कोकणात हळवं भात तयार होत असतं. जेरुसलेमचा सुगीचा काळ आणि रायगडची भातकापणी एका वाटीत आली.

योम किप्पूर हा ज्यूंचा सर्वांत कडक उपवास. दिवसभर दार लावून घरात बसायचं, कोणाला शिवायचं नाही, म्हणून दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. शिळासप्तमी माहीत असलेल्या माणसाला हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुरिम हा सण फाल्गुनात, होळीच्या आसपास येतो. तो झाला होळीचा सण आणि त्या दिवशी पुरणपोळी.

वल्हांडणाचं नाव सगळ्यात मजेदार आहे : अनाशी ढाकाचा सण. इजिप्तमधून ज्यू घाईने निघाले, पीठ आंबायला वेळ नव्हता, म्हणून या सणात आंबवलेलं काही खायचं नाही, घरातही ठेवायचं नाही. युरोपातला ज्यू या सणाआधी पावाचा कण न कण झाडून काढतो. पण कोकणात पाव होता कुठे? रोजचं जेवण भात आणि तांदळाची भाकरी, आंबवण्याचा संबंधच नाही. मग नियम पाळायचा कशावर? घरात चटणीसारखं वापरायचं आंबट पाणी साठवलेलं एक भांडं असे, त्याला अनास म्हणत. या दिवसांत ते भांडं झाकून ठेवायचं. इतिहास विसरला, ग्रंथ विसरला, पण या आठवड्यात आंबट भांड्याला हात लावायचा नाही एवढं लक्षात राहिलं. केहिमकरांसाठी हा पुरावा कुठल्याही शिलालेखाइतका मोलाचा होता, आणि ते योग्यच होतं.

मात्झो म्हणजे बिनआंबवलेली पोळी नंतर रीतसर भाजली जाऊ लागली. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्रात मात्झो लाटणाऱ्या आणि भाजणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत.

आणि मग बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा हा शोक. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि नारळ घालून बिरडं करायचं. सुरुवात ते शेवट दोन दिवसांचं काम. चिंचणीपासून रेवदंड्यापर्यंत ज्याच्या घरी डाळिंब्या सोलल्या जातात त्याला नखांत राहणारा तो वास माहीत असतो. जगभरातले ज्यू या शोकाच्या वेळी मसूर, अंडी असे साधे गोल पदार्थ खातात. कोकणाने त्याच्या जागी वाल ठेवले. हजारो मैलांवरच्या, कोणीच न पाहिलेल्या मंदिरासाठी रायगडातल्या बायका वाल सोलत बसत.

केहिमकरांनी एक गोष्ट हेरली. या यादीत हनुक्का नाही. हा सण मक्काबी बंडानंतर, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सुरू झाला. तो आपल्या लोकांना माहीत नाही, म्हणजे आपले पूर्वज त्याआधीच निघाले असणार, साधारण ख्रिस्तपूर्व 175 च्या सुमारास. हा तर्क आजच्या इतिहासकारांना जसाच्या तसा मान्य नाही, कारण सण विसरलाही जाऊ शकतो. पण ताटात काय नाही यावरून तारीख काढायची कल्पना भन्नाट आहे.

नारळाचं दूध आणि मलिदा

ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मटणाच्या जेवणावर दुधाची खीर नको, रश्श्यात दही नको. कोकणात ही अडचण नारळाने सोडवली. रश्श्यात नारळाचं दूध, खिरीत नारळाचं दूध, हलव्यातही तेच. नववर्षाला होणारा चिकाचा हलवा घ्या. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा, जो आपल्याकडे कुरडयांसाठी काढतात तोच. मग तो नारळाच्या दुधात आटवून थापायचा आणि वड्या पाडायच्या. द्राक्षाची दारू मिळत नव्हती, तर शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचं.

मलिद्याचं स्थान मात्र वेगळं. आपल्याकडे बातम्यांत मलिदा म्हटलं की टेंडर आणि टक्केवारी आठवते. बेने इस्रायलांचा मलिदा म्हणजे गोड पोहे. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने हे ताट मांडतात. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे आणि तिथे आजही मलिदा होतो. केहिमकरांच्या यादीत या प्रेषिताच्या सणाला उरूस म्हटलेलं आहे. मलिदा आणि उरूस हे शब्द दर्ग्यावरचे, पोहे-नारळ कोकणचे, प्रेषित बायबलमधला.

भिंत घरातही होती

केहिमकरांनी समाजाची फक्त बाजू घेतली असती तर त्यांचं पुस्तक आज इतकं वाचलं गेलं नसतं. त्यांनी आतल्या भेदांबद्दलही लिहिलं. बेने इस्रायलांमध्ये गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन गट होते. आई ज्यू नसलेल्या संबंधांतून झालेल्या संततीला काळे म्हणत. दोघांत लग्नं होत नसत. गोरे काळ्यांच्या पंगतीला बसत नसत, त्यांना आपल्या भांड्यांना हात लावू देत नसत. शेजारी पाहून त्यांनी गोमांस सोडलं होतं, विधवाविवाहाला नाक मुरडायला शिकले होते, तसं हेही शिकले.

ज्यांना बगदादी ज्यू दफनभूमीत शेजारी नको म्हणत होते, तेच आपल्यातल्या काहींना ताटाशेजारी नको म्हणत होते. रंगाच्या नावाने पाडलेला हा फरक बहुतेक लेखकांनी झाकला असता.

छापायला चाळीस वर्षं

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर वारले. ग्रंथ हस्तलिखितातच होता. 1936 मध्ये झायोनिस्ट चळवळीचे प्रतिनिधी म्हणून इमॅन्युएल ओल्सवँगर भारतात आले आणि त्यांच्या पुढाकाराने 1937 मध्ये हे पुस्तक तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईत लिहिलेलं, कोकणातल्या बिरड्याची नोंद असलेलं पुस्तक छापलं गेलं भूमध्य समुद्राच्या काठी.

1948 मध्ये इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात जवळपास 20 हजार बेने इस्रायल होते. त्यातले बहुतेक पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. आणि तिथे तोच जुना प्रश्न वाट पाहत होता. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. केहिमकरांनी हस्तलिखित पूर्ण केलं त्याला तेव्हा 67 वर्षं झाली होती.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे, मुख्यतः मुंबई आणि ठाण्यात. ठाण्याचं 1879 चं सिनेगॉग अजून गजबजलेलं असतं. इस्रायलमध्ये दिमोना, लोद, अश्दोद, बेरशेबा या गावांत मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात. 1980 च्या दशकापासून तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. दिमोनाच्या दुकानांत पोहे मिळतात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घरात मलिद्याचं ताट मांडलं जातं.